कडेची अंबाडी

सातपुड्यातल्या कुठल्याही पाड्यावर पाहुणा आला, की आधी अंगणात खाट येते. घरातलं कुणीतरी ती उचलून सावलीत टाकतं, वर गोधडी अंथरतं आणि मग पाणी आणायला वळतं. मणिबेली गावातही तीच रीत. नर्मदेच्या जलाशयातून बोटीनं जायचं, काठावर उतरून चढण चढायची आणि घामेजलेल्या अंगानं खाटेवर टेकायचं. आता बहुतेक खाटा निळ्या-हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेल्या असतात. पण एखाद्या घरी जुनी खाट निघते. तिच्या दोरीवरून हात फिरवला की तळव्याला खरखर लागते. रंग उन्हात वाळलेल्या गवताचा, वास धुराचा आणि थोडा मातीचा. वर्षानुवर्षं माणसं बसून मधोमध खोलगट झालेली, पण कुठे तुटलेली नाही. ती दोरी अंबाडीची.

अंबाडी आपल्याला ठाऊक असते ती भाजी म्हणून. बाजारात पालकाच्या आणि मेथीच्या शेजारी तिची जुडी पडलेली असते. आंबट म्हणून कुणी घेतं, आंबट म्हणूनच कुणी टाळतं. तिची पूर्ण उंची मात्र शहरातल्या फार थोड्या लोकांनी पाहिलेली असते.

शेतात उभी राहिली की ती माणसाच्या डोक्यावरून जाते. दोन-तीन मीटर सहज, चांगल्या जमिनीत त्याहून जास्त. खोड सरळ, बोटाएवढं जाड, त्यावर बारीक काटेरी लव. उघड्या हातानं कापायला गेलं तर दिवसभर कातडी चुरचुरते. पान खाली साधं आणि वर गेलं की हाताच्या पंज्यासारखं फाटलेलं. फूल पाहिलं की तिचं घराणं कळतं. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मधोमध गडद लाल-जांभळा डोळा. भेंडी, कापूस आणि जास्वंद या तिच्या बहिणी. पहाटे उमललेलं फूल दुपारपर्यंत मिटतं. सकाळी शेतावर जाणाऱ्यालाच ते दिसतं.

तिचं एक वैशिष्ट्य मला फार आवडतं. ती दिवसाची लांबी मोजते. पेरणी दोन आठवडे पुढेमागे झाली तरी दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती फुलत नाही. पावसाळाभर नुसती वाढत राहते. भाद्रपद सरून अश्विन आला की कळ्या धरते. ज्यांना कॅलेंडर लागत नव्हतं, त्यांना अंबाडीच्या फुलानं कापणीची वेळ सांगितली आहे, कारण वाखासाठी, म्हणजे दोराच्या तंतूंसाठी, ती फुलावर असतानाच कापावी लागते. बोंडं पक्की झाली की तंतू राठ होतात.

तिचे दोन प्रकार आपल्याकडे अंबाडी म्हणूनच ओळखले जातात. एक ही, उंच, पिवळ्या फुलाची, वाखासाठी नावाजलेली. दुसरी लाल अंबाडी, जिच्या मांसल लाल बोंडांचं सरबत आणि चटणी होते. दोघी मूळच्या आफ्रिकेतल्या. किती पिढ्यांपूर्वी इथे आल्या ते कुणाच्या आठवणीत नाही, इतक्या त्या इथल्या झाल्या.

तिला स्वतःचं शेत मात्र क्वचितच मिळालं. ज्वारीला शेत, तुरीला शेत, कापसाला तर अख्खं गाव. अंबाडी पेरायची ती कडेनं. पिकाच्या भोवती एक-दोन तासं, नाहीतर बांधावर मूठभर बी फेकलेलं. ही सवय तिच्या उपयोगाची ठरली. दाट पेरलेली अंबाडी फांद्या फोडत नाही. शेजारणीशी स्पर्धा करत उजेडाकडे सरळ जाते, आणि सरळ, बिनफांदीच्या फोकातून लांब वाख निघतो. एकटी सुटी पडली की पसरते. मग ती भाजीला आणि बियाला चांगली, दोराला नाही. शिवाय कडेनं उभी राहिलेली ही काटेरी भिंत गुराढोरांना आत शिरू देत नाही. म्हणजे पिकाची राखणही तीच करते. सातबाऱ्यावर ज्वारी लागते, तूर लागते. कडेची अंबाडी सहसा लागत नाही.

पावसाळ्यात ती घराला खाऊ घालते. कोवळा पाला खुडावा, उकडून पहिलं आंबट पाणी काढून टाकावं, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवावं, वरून तेलात लसूण आणि लाल मिरची तडतडून ओतावी. खान्देशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात हीच भाजी थोड्या फरकानं शिजते. तिकडे तेलंगणाकडे गोंगुरा म्हणून तिच्यावर जीव टाकतात. सातपुड्यात ती मक्याच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर येते. पावसाळ्यातली पहिली हिरवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, अशी इथल्या आदिवासींची रीत आहे. पुढे बी धरलं की ते भाजून मिरचीबरोबर वाटायचं. खुडलं की ती पुन्हा फुटते. आषाढापासून खुडत राहिलं तरी अश्विनात कापायला ती उभीच असते.

मग तिच्या आयुष्यातला दुसरा भाग सुरू होतो, आणि तो पाण्यात घडतो.

कापलेले फोक दोन-चार दिवस शेतातच पडू देतात. पानं गळून जातात. मग त्यांच्या पेंढ्या बांधून नाल्याच्या डोहात बुडवायच्या आणि वर दगड ठेवायचे. पाणी जेमतेम गुडघा-मांडीएवढं हवं. फार वाहतं नको आणि पिण्याचं तर मुळीच नको, कारण अंबाडी सडू लागली की पाण्याला दर्प येतो आणि त्यातले मासेही तग धरत नाहीत. पाण्यातले जिवाणू सालीतला चिकट भाग खाऊन टाकतात. साल आणि काडी यांना चिकटवून ठेवणारा डिंकच जणू विरघळतो. मऊ ते जातं आणि तंतू राहतो.

सगळं कसब किती दिवस ठेवायचं यात आहे. ऊन असेल तर दहा-बारा दिवसांत काम होतं. हिवाळ्याच्या गार पाण्यात वीसही लागतात. लवकर काढलं तर साल तुकड्यातुकड्यानं निघते आणि वाखाला ढलप्या चिकटून राहतात. उशीर झाला तर तंतूच कुजतो, आणि असा दोर ऐन ओढीच्या वेळी दगा देतो. म्हणून जाणता माणूस रोज पाण्यात उतरून एक फोक उपसतो. बुडाशी कट्‌कन मोडतो, सालीचं टोक चिमटीत धरतो आणि ओढतो. साल बुडापासून शेंड्यापर्यंत एका ओढीत सुळकन सुटली, की पेंढ्या काढायचा दिवस आला. याला दुसरं माप नाही. चिमटीला जे कळतं तेच माप.

मग गुडघाभर पाण्यात उभं राहून सोलायचं, आपटायचं, धुवायचं. हातात उरतो तो ओला, चमकदार, पांढुरका झुपका. वाळला की तो वाख. उरलेल्या हलक्या काड्या चुलीला. तिचं काहीच वाया जात नाही.

वाखाचा दोर होताना मी लहानपणी तासन्‌तास पाहिलं आहे. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याचं, सपाटीवरचं. पोळ्याच्या आधी आठ-दहा दिवस मातंग वस्तीतले एक आजोबा दोर वळायला बसत. उजव्या मांडीवर वाखाचे तंतू ठेवून तळव्यानं पुढे सारले की त्यांना पीळ बसे. पीळ संपत आला की त्यात नवे तंतू मिसळत, तेही सगळे एकाच जागी नाही, थोडे मागेपुढे, म्हणजे सांध्यावर दोर बारीक पडू नये. असे तीन पेड तयार झाले, की त्यांना एकत्र उलट्या दिशेनं वळायचं. तिथेच दोराचं मर्म आहे. प्रत्येक पेड आपला पीळ सोडवायला धडपडतो, आणि उलट वळल्यामुळे त्याच्या त्या धडपडीनंच शेजारचा पेड आवळला जातो. सुटण्याची ओढच बांधून ठेवण्याच्या कामी येते. जेमतेम माणसाएवढ्या लांबीचा तंतू अशा रीतीनं विहिरीच्या तळापर्यंत पोचतो आणि भरलेली घागर वर आणतो. त्यात गाठ नाही, गोंद नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. दोर वळणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ती चांगल्या कामाला दिलेली पावती आहे.

त्या एका वाखातून किती नावं जन्माला आली! बैलाच्या नाकात वेसण, तोंडावर म्होरकी, हाकणाऱ्याच्या हातात कासरा, गोठ्यात दावं. मळणीच्या बैलाला मुसकं. गाडीवरच्या कडब्याला आवळायला सोल, विहिरीवर मोटेचा नाडा. मांजर पोचू नये म्हणून दह्याला शिंकं, पाखरं उडवायला गोफण. बाळाच्या झोळीला दोरी आणि शेवटी तिरडी बांधायलाही दोरीच. शेतकऱ्याच्या घरात माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत अंबाडी कुठे ना कुठे त्याला धरून असे.

आणि हा दोर वळणारी माणसं? बलुतेदारीत मातंग समाजाकडे दोर आणि केरसुणी आली. पोळ्याला प्रत्येक घरचे बैल त्यांनी वळलेल्या नव्या दोरांनी सजत. गावातली प्रत्येक गाय, प्रत्येक बैल, प्रत्येक मोट ज्यांच्या हातच्या पिळावर उभी होती, त्यांची घरं मात्र गावानं वेशीबाहेर ठेवली. ते आजोबा आमच्या ओट्याच्या खाली बसून दोर वळत. वर बसलेले आम्ही ते कौतुकानं पाहत होतो आणि त्यांना वर या म्हणत नव्हतो. हे मला फार उशिरा टोचलं. अंबाडीबद्दल लिहिताना ते लपवून ठेवलं तर लिहिणंच खोटं होईल.

सातपुड्याच्या आत गेलं की ही उतरंड दिसत नाही. भिलांच्या पाड्यावर बलुतेदारी रुजली नाही. ज्याचं शेत त्याचीच अंबाडी आणि त्यानंच वळलेला दोर. बाप वळतो, पोरगं पेड धरून उभं राहतं. अंबाडी कमी पडली तर जंगल आहेच. मुरुडशेंगेची साल, पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेले तंतू, आपट्याची साल. घर बांधायला सागाचे खांब, बांबूचा कुड आणि बांधायला हे तंतू. असं घर सोडवून, खांद्यावर वाहून, दुसरीकडे पुन्हा उभं करता येतं. मणिबेलीला हे ज्ञान कामी आलं, आणि ते तसं यावं लागलं याचं दुःखही फार मोठं आहे.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातलं गाव, सरदार सरोवर धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला, अगदी जवळ. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. 1 जुलै 1998 ला हा जिल्हा होण्याआधी ते धुळ्यात होतं. अक्कलकुवा हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि मणिबेली त्यातलं पहिलं मतदान केंद्र. यादीत पहिलं असलेलं हे गाव धरणाच्या पाण्यात बुडायलाही महाराष्ट्रात पहिलंच ठरलं. राज्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं या धरणानं बाधित झाली. 1991 च्या पावसाळ्यात नर्मदा बचाव आंदोलनानं मणिबेलीत सत्याग्रह मांडला. 1993 च्या मार्चमध्ये धरणासाठीचं जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, तरी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात इथली घरं पाण्याखाली गेली. सप्टेंबर 1994 मध्ये 44 देशांतल्या 300 हून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देणं थांबवावं अशी मागणी केली. त्या जाहीरनाम्याला त्यांनी नाव दिलं मणिबेलीचं. सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं.

या सगळ्या इतिहासात अंबाडी कुठेच नाही. पण मी तिच्या बाजूनं बघतो तेव्हा मला हे दिसतं. तिला पाणी हवं होतं ते गुडघ्याएवढं आणि पंधरा-वीस दिवसांपुरतं. नाल्याच्या तोंडाशी, जिथे तो नर्मदेला मिळे, तिथे असे उथळ डोह होते. काठाला गाळाची जमीन होती. ते सगळं खोल गेलं. आता समोर पसरलेलं पाणी मैलोगणती आहे, पण धरणाच्या गरजेनुसार ते चढतं आणि उतरतं. पेंढी बुडवून, दगड ठेवून, रोज एक फोक मोडून पाहण्याएवढा विश्वास त्या पाण्यावर ठेवता येत नाही.

जमीन मोजली गेली तेव्हा अनेकांची नेवाडची शेती, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जंगलातली जमीन, कागदावर अतिक्रमण ठरली. जिथे शेतच धरलं गेलं नाही, तिथे शेताच्या कडेला कोण विचारतो? अंबाडी शेताच्या कडेला, दोर वळणारे गावाच्या कडेला, मणिबेली राज्याच्या आणि नदीच्या कडेला. मोजणी नेहमी मधल्या भागाची होते, आणि मधला भाग कडेनंच बांधून धरलेला असतो. हे एवढंच मला या झाडाकडून शिकायला मिळालं आहे, आणि ते मला पुरेसं वाटतं.

एकदा मात्र देशाला अंबाडीची आठवण झाली होती. 1947 मध्ये फाळणी झाली तेव्हा ताग पिकवणारा बहुतेक मुलूख पूर्व पाकिस्तानात गेला आणि तागाच्या गिरण्या राहिल्या हुगळीच्या काठी, आपल्याकडे. पोत्यांना कच्चा माल कुठून आणायचा? तेव्हा आंध्र, ओडिशा, बंगाल, बिहार अशा प्रांतांत अंबाडीला शेत मिळालं. सरकारी कागदांत ती ‘मेस्टा’ झाली. आजही पिकांच्या सरकारी आकडेवारीत तागाच्या शेजारी मेस्टाचा रकाना असतो आणि उत्पादन 180 किलोच्या गाठींत मोजलं जातं. बंगालात बराकपूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत तागाबरोबर तिच्या वाणांवरही काम चालतं. धान्य आणि साखर भरायला तागाची पोती वापरण्याची सक्ती करणारा कायदा 1987 मध्ये झाला, तो प्लॅस्टिकच्या पोत्यांसमोर ही शेती आणि गिरण्या टिकाव्यात म्हणून.

दोराला मात्र कुठल्या कायद्याचं संरक्षण नव्हतं. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं आणि काही दशकांत त्याचा आणि त्याच्या भाऊबंदांचा दोर आमच्या आठवडे बाजारापर्यंत आला. स्वस्त, रंगीत, पावसात न कुजणारा. शेतकऱ्यानं तो घेतला यात त्याची चूक नाही. पंधरा दिवस घाण पाण्यात उभं राहण्याचे कष्ट ज्यानं केले आहेत, त्याला नायलॉनचा मोह का पडला ते मी समजू शकतो. पण त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात पाहा. नायलॉनचं दावं गायीच्या मानेला काचतं, केस झडतात, कधी जखम होते. हातातून सर्रकन गेलं तर तळवा भाजतो. गाठ घसरते. तुटून फेकलेला तुकडा नांगराच्या फाळाला वर्षानुवर्षं गुंडाळत राहतो. अंबाडीचा दोर भिजला की फुगून गाठ आणखी घट्ट धरतो, जनावराच्या मानेला सोसतो आणि झिजला की उकिरड्यात जाऊन खत होतो. मातीतून आला, मातीत गेला.

1992 च्या सुमारास नर्मदा बचाव आंदोलनानं नर्मदेच्या खोऱ्यात जीवनशाळा सुरू केल्या. पुस्तकाबरोबर आपली बोली, आपलं जंगल, आपली नदी मुलांना शिकता यावी हा त्यामागचा हेतू. असा हेतू ठेवणाऱ्या कोणत्याही शाळेला अंबाडी हा वर्षभराचा धडा आहे. बी पेरण्यात शेती आहे, फूल येण्यात दिवसरात्रीचा हिशेब आहे, सडवण्यात जिवाणू आहेत, पिळात विज्ञान आहे, आणि दोर कुणी वळला या प्रश्नात समाजशास्त्र आहे. बी जपता येतं. डब्यात राखेत घालून ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात उगवतं. पीळ डब्यात ठेवता येत नाही. तो एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर, एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावरच जातो, आणि मधली एक पिढी चुकली की तो तिथेच संपतो.

म्हणून हे मागणं. तुमच्याकडे गुंठाभर का होईना जमीन असेल, तर येत्या पेरणीला कडेनं मूठभर अंबाडी टाका. दाट टाका. श्रावणात भाजी खा. फुलावर आली की कापा आणि एखाद्या डबक्यात बुडवा. आणि गावात, वस्तीवर, पाड्यावर दोर वळणारं कुणी म्हातारं माणूस अजून असेल, तर त्याला घरी बोलवा. ओट्यावर, आपल्या शेजारी बसवा. त्याच्याकडून एक दोर वळून घ्या, योग्य मोबदला द्या, आणि दुसरा दोर वळताना पेड धरायला आपल्या मुलाला उभं करा.